माहेरच्या पट्टीत

अहो,

स्वर्गवासी वगैरे मायना मला लिहवत नाही. आयुष्यभर ‘अहो’च म्हटलं, आता कशाला बदलू? तुम्ही गेल्यापासून एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितेय, कारण तुमच्या त्या कॉम्प्युटरनं मला पार दमवलंय, आणि तक्रार करायला दुसरं आहे कोण?

रेल्वेतून निवृत्त झालात आणि काशीतल्या मराठी बायकांची गाणी रेकॉर्ड करत सुटलात. पाळणे, डोहाळे, मंगळागौर. संकठा घाटापासून मुन्शी घाटापर्यंत एक घर सोडलं नाहीत. आणि आता? ज्याला त्याला आपली आई नाहीतर आजी ऐकायची असते, आणि सगळे माझ्या दारात! गुडघे धरून मीच उठायचं आणि ते यंत्र सुरू करायचं.

आज दुपारी गौरी आली, आपल्या शेजारच्या उषाताईंची लेक. उद्या तिच्या मुलीचं बारसं. “काकू, आईचा पाळणा लावायचाय. काकांनी रेकॉर्ड केला होता ना?”

मी ‘उषा’ शोधलं. नाही. सासरचं आडनाव घातलं. तरी नाही! पोरीचा चेहरा उतरला. “डिलीट तो नहीं हो गया?” म्हणाली. उषाताई गेल्या, आणि त्यांचा आवाज तिच्याकडे दुसरा कुठलाच नाही हो.

मग आठवलं. तुमची ती पट्ट्यांची मांडणी! डावीकडे घाट, त्यावर टिचकी मारली की शेजारच्या पट्टीत घरं, घरावर मारली की माणसं, मग गाणी. मी कितीदा म्हटलं, एकच सोपी यादी करा. तुमचं ठरलेलं उत्तर, “अगं, आपण कुठून आलो ते डावीकडे दिसत राहायला हवं.” आणि बायका घातल्यात माहेरच्या घरात, लग्नाआधीच्या नावानं! पाळणा तिनं आईकडून उचललेला असतो, सासूकडून नाही, म्हणे. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की जुनं कुणाच्या लक्षात राहतं का? याचा विचार नको?

“गौरी, आईचं माहेरचं नाव काय गं?”

“मामाचं आडनाव गोरे, मुन्शी घाट. पर आईचं नाव... पता नहीं, काकू. आई तो बस आई थी.”

तिचे वडील, मामा आता नाहीत, मामाचं घरही विकलं गेलं. मावश्याही राहिल्या नाहीत, आणि त्यासुद्धा तिला सासरच्याच नावांनी माहीत. विचारायचं कुणाला? आम्ही मुन्शी घाट उघडला, मग गोऱ्यांचं घर. पुढच्या पट्टीत त्यांच्या लेकी: द्वारका, कृष्णा, मथुरा, वेणू. यातल्या उषाताई कोण? एकेक लावत गेलो. द्वारकेचा आवाज जाड. कृष्णा मधेच खोकते. मथुरेनं पहिली ओळ म्हटली आणि गौरीनं माझा हात घट्ट धरला.

पाळणा संपला. मग पडद्यावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “मथुरा... किसी ने बताया ही नहीं.” ती रडली, मीही रडले. तुमच्यावरचा राग तेवढ्यापुरता गेला, खोटं कशाला बोलू?

पेनड्राइव्ह मुठीत धरून निघताना तिनं विचारलं, “काकू, तुम्ही कुठे आहात ह्यात?”

ती गेल्यावर बघितलं. भोसले घाट, माझ्या बाबांचं घर, आणि तिथे मी. यमुना. बाबा गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. तुम्हीसुद्धा नाही! पण लक्षात ठेवलं होतंत. टिचकी मारली. उजवीकडची पट्टी रिकामी.

अहो, साऱ्या बायकांना समोर बसवून गायला लावलंत, आणि मी? मी चहा करून आणत होते. “तू काय घरातच आहेस, तुझं कधीही करू,” हेच ना तुमचं? त्या ‘कधीही’चं काय झालं?

फार थकलेय. आवाज फाटलाय, दमही पुरत नाही. पण आपली लेक नीता उद्या अशीच कुणाच्या तरी घरी मला शोधत बसायला नको. बारशाहून आले की दार लावून, रेकॉर्डिंग सुरू करून त्या यंत्रासमोर बसेन आणि माझ्या आईचा पाळणा शेवटपर्यंत म्हणेन, सूर लागो न लागो. तेवढा वेळ चहा कुणालाही मिळणार नाही.

तुमची,
यमुना