पैलवानाला स्पर्धेला धाडायचा माझा प्लॅन

४ मार्च, सकाळ
सूनबाई, आधी चष्मा लाव. डोक्यावर आहे, घरभर शोधू नकोस. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. मला वाचता येत नाही, आणि तू लिहिलेलं संध्याकाळपर्यंत विसरतेस. म्हणजे सगळं गुप्तच राहील.
संकल्प: महिनाअखेरच्या स्पर्धेआधी मी आधाराशिवाय उठणार. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्यापायी नातीची स्पर्धा हुकली. ब्राझिलियन जिउ-जित्सूची, म्हणजे त्या परदेशी कुस्तीची चॅम्पियन, आणि काम काय, तर म्हातारीला बाथरूमला नेणं. यंदा तिला धाडणारच.

६ मार्च
व्यायाम उद्यापासून. आज पाय जड. शिवाय पलंग बुटका आहे.

९ मार्च
पैलवान (नातीला मी हेच म्हणते) मला उठवत होती. काखेत हात घालून, घट्ट. मला भरून आलं, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. तिने तत्क्षणी सोडलं. मी खाली.
त्यांच्या खेळात तसंच असतं म्हणे. पकडीत सापडलेल्याने थोपटलं की हरला. दुसऱ्याने लगेच सोडायचं, नाहीतर हाड मोडतं. इतक्या वर्षांची सवय, हात डोक्याला विचारत बसत नाहीत. बिचारी पांढरीफटक पडली. मी म्हटलं, पकड छान होती.
सूनबाई, 'पडली' लिहू नकोस. 'बसली' लिही.

१० मार्च, दुपार
तू म्हणतेस, आता तर ती मुळीच जाणार नाही. काहीतरीच. उलट बरं झालं. पैलवान मला जमिनीवरून उठायला शिकवतेय. एक हात मागे टेकायचा, एक पाय रोवायचा, दुसरा खालून ओढून घ्यायचा. क्लबात नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. जवळजवळ जमलं. तिने उचललं, पण थोडंसंच.

१५ मार्च
मधे लिहिलं नाही, सराव चालू होता. मनातल्या मनात.
पैलवान क्लबातून आली ती गुडघ्याला बर्फ लावूनच. बोटांना पट्ट्या. चमचा धरवेना. शिकवून शिकवून दमते. स्पर्धेला गेली की तेवढीच विश्रांती.

२१ मार्च
तिला बॅग भर म्हटलं. हो म्हणाली. भरली नाही. विसरभोळेपणात आईवर गेलीय. हेही लिही.

२६ मार्च, संध्याकाळ
आज उठले. एकटीने. कपाट धरलं होतं, पण कपाट म्हणजे काही माणूस नव्हे. दारापर्यंत गेले. पैलवानाला बोलावून सांगितलं, आता सबब चालायची नाही, उद्याची गाडी पकड.
ती भिंतीला टेकून खालीच बसली.
"आजी, मी नावच दिलं नव्हतं. गेल्या वर्षीही नाही. लोकांना सांगायला तुझा खुबा बरा पडायचा."
घाबरलीस का, विचारलं.
"नाही गं. शिकवायला अजून आवडतं. जिंकायचाच कंटाळा आलाय."
तिच्याशेजारी बसले. बसणं जमलं. उठणं मात्र दोघींनाही जमेना. तू आल्यावरच उठलो.

२८ मार्च
स्पर्धेचा दिवस. मी पलंगावर. परवाचं उठणं तेवढ्यापुरतंच होतं बहुधा. पैलवान सकाळपासून क्लबात शिकवतेय. शेजारची विचारेल, का गेली नाही. माझा खुबा सांग.
आणि तिला डबा पाठव. मऊ भात, उकडलेली अंडी. आता स्पर्धेच्या गटात बसायला काट्यावर उभं राहून वजन द्यायचं नाही. लोणी सढळ हाताने घाल.