मी नसलो तरी चालवणारा माणूस

२ मार्च, सकाळी
ठरलं. महिनाअखेरीस आठवडाभर रजा आणि मुलीकडे जायचं. नात चार महिन्यांची झाली, आजोबांनी तिला अजून फोनच्या स्क्रीनवरच पाहिलंय. बायकोला शब्द दिला. तिने नुसतं हं केलं.

५ मार्च
प्लांट माझ्यावाचून चालत नाही, ही खरी अडचण. प्लास्टिकच्या बादल्यांचं मशीन जरा थांबलं तरी आधी मला फोन, असा नियम आहे. (नियम मीच केला. शिस्त हवी.) उपाय सापडला: डेप्युटीला तयार करायचं. आजपासून सगळे निर्णय तो घेणार. फक्त मला विचारून.

९ मार्च
मशीनमध्ये प्लास्टिक वितळेना. डेप्युटीने हीटर बदलून मशीन सुरू केलं आणि मग मला सांगितलं. झापलं. नंतर मात्र बरं वाटलं. माझ्या हाताखाली माणूस घडतोय.

१४ मार्च
मालकांकडे रजेचा विषय काढला. मागे कोण बघणार, म्हणाले. मी डेप्युटीची तोंड भरून स्तुती केली. एकटा अख्खा प्लांट सांभाळेल, म्हटलं. मालक विचारात पडले. रजा मिळाल्यातच जमा. येताना नातीसाठी खुळखुळा घेतला. बायकोने तिकिटांचं विचारलं. उद्या काढतो म्हटलं.

१८ मार्च
मालक दुसरा प्लांट सुरू करतायत. डेप्युटी तिथला मॅनेजर. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, असं मालक म्हणाले. डेप्युटीने माझा हात दोन्ही हातांत धरला, सगळं तुमच्यामुळे झालं म्हणाला. खरंच आहे ते. रजेची आठवण केली, तर मालक म्हणाले, आता इथे तुमच्याशिवाय आहे कोण? हे कौतुकच समजायचं.
बायकोला उद्या सांगेन. आज तिचं डोकं दुखत असावं.

२६ मार्च
बायको एकटी गेली. स्टेशनवर सोडायला निघालो होतो, पण पॅकिंगवाल्याचा फोन आला आणि अर्ध्या वाटेत तिला रिक्षात बसवून दिलं. खुळखुळा आजोबांनी दिला म्हणून सांगेन, म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, असं मी धरून चाललोय.

४ एप्रिल
नवा डेप्युटी रुजू. हुशार दिसतो. या वेळी मी शहाणा झालोय. स्तुतीचा शब्द तोंडातून काढायचा नाही.

१६ एप्रिल
झपाट्याने शिकतोय. मालकांनी विचारलं, कसा आहे? चेहरा पाडून म्हटलं, बेताचाच. आता त्याला कोण उचलून नेतंय? लगेच रजेचा अर्ज दिला.

२० एप्रिल, रात्री
अर्ज परत. तुम्हीच बेताचा म्हणालात, मग त्याच्या भरवशावर प्लांट कसा सोडू, असं मालकांचं म्हणणं. तो तयार झाला की खुशाल जा म्हणाले. तयार झाला तर दुसरीकडे जाणार, नाही झाला तर मी इथेच. केबिनचं दार लावून पुष्कळ विचार केला. यातून सुटायची वाट दिसेना.
संध्याकाळी बायकोचा फोन. नात बसायला लागली. मुलगी आणखी महिनाभर आईला सोडत नाही म्हणे. डबा वेळेवर येतो ना, एवढं विचारलं. मी कधी येणार, हे दर फोनला विचारायची. आज विचारलं नाही. फार लागलं. डबा वेळेवर येतो, म्हटलं.