चौथा खण

प्रिय ताई,

सकाळपासून हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा उठले. या घडीला स्क्रीनवर एकवीस पूर्णांक चार टक्के दिसतंय. आपल्या सहा डिस्कपैकी एक आज गेली. नवी बसवली आहे आणि उरलेल्या पाच डिस्कवरून तिच्यात सगळं नव्याने भरलं जातंय. ते पुरं व्हायच्या आत आणखी एक गेली तर सगळंच गेलं. तुला हे सांगायला नको, पण लिहीत राहिलं की वेळ सरतो. महिनाअखेरीला आपण वेगळी प्रत काढतो आणि आज सत्तावीस तारीख आहे. म्हणजे या महिन्यात कृत्रिम पायासाठी माप दिलेली एकेचाळीस माणसं फक्त डिस्कच्या या कपाटात आहेत. शर्टाचं माप असतं तर पुन्हा या म्हटलं असतं. ते निवृत्त कंडक्टर मजेत होते, "एकच पाय मोजायचाय, अर्ध्या वेळात सोडा की." पण शिवणकाम करणाऱ्या बाई दोनदा दारातून परत गेल्या, तिसऱ्यांदा कुठे पडद्याआड यायला तयार झाल्या. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

झालं ते असं. आठला आले तेव्हा मशीनचा मेल येऊन पडला होता. कमांड दिली, तर चालू डिस्कमागे एक अशा सहा 'यू'च्या ओळीत पाचच यू आणि एका जागी नुसती आडवी रेघ. गेलेल्या डिस्कचा क्रमांक विचारला. शेवटचे आकडे ७३१८. मापं साठवणं लगेच बंद केलं. कपाटाच्या दारावर तू रजेवर जाण्याआधी लावलेली यादी आहेच, कुठल्या खणात कुठला क्रमांक त्याची. ७३१८ चौथ्या खणासमोर. तू म्हणायचीस, यादी बघ आणि मग दिवेही बघ. सगळ्या डिस्क वाचायला लावायच्या, जिचा दिवा लुकलुकत नाही ती गेलेली. दिवे बघायचं मी सोडलं. पाच मिनिटांचं काम, ताई. बाहेरून पायांचे साचे घेणारे प्लास्टरवाले काका हाका मारत होते, ज्यांना आपण फूटपट्टी म्हणतो ते. "अगं ए इंजिनीअर, इथे माणूस एका पायावर ताटकळलाय, तुझं यंत्र उठतंय की मी उठवू?" मी चौथा खण ओढला. हातात आलेल्या डिस्कवर ४०५२ लिहिलं होतं. चांगली, धडधाकट डिस्क. स्क्रीनवर आता दोन रेघा.

तेव्हा आपलं जेवणाचं टेबल आठवलं. तू सहा पेन ड्राइव्ह जोडून मला खेळण्यातला संच करून दिला होतास. बाबा कुरकुरत होते, "जेवायला जागा ठेवणार आहात की हेच वाढताय?" तू मला न सांगता एक ड्राइव्ह उपटलास, मग दुसरा, आणि विचारलंस, आता काय करशील? मी रडकुंडीला आले, तर म्हणालीस, "आधी काहीच करू नकोस. एक मिनिट नुसती बस." आज मी बसले. मग ४०५२ परत घातली, प्रत्येक डिस्कला ती कुठवर इतरांच्या बरोबरीने चालत होती ते विचारलं, आणि ४०५२ फक्त सहा पावलं मागे निघाली. सक्तीने जोडायची कमांड लिहिली आणि एंटर दाबण्याआधी अकरा वेळा वाचली. पाच यू परत आले. त्यानंतर दिवे बघितले. गेलेली डिस्क तिसऱ्या खणात होती.

एवढ्यात साहेब दारात येऊन उभे. सगळं ऐकून घेतलं, कपाटाकडे बघितलं. "यादी कुणाची?" मी म्हटलं, ताईची. "तरीच अक्षर ओळखीचं वाटलं." मग जाता जाता म्हणाले, "बाळ मोठं झालं, एक तारखेपासून परत येते असा अर्ज आहे तिचा माझ्याकडे. बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

अठ्ठावन्न टक्के. उरलेला वेळ मघाशी तीन तास दाखवत होता, आता चार दाखवतोय. दर दोन मिनिटांनी कमांड देते. काकांनी चहा आणून ठेवला आणि म्हणाले, "दूध उतू जाईल म्हणून राखणीला बसल्यासारखी बसलीयेस." पंख्याचा आवाज बदलला तरी उठून कपाटाला कान लावते. चहावर साय धरली.

पाच वाजून चाळीस मिनिटं. सहा यू. एकेचाळीस फाइली एकेक करून उघडून बघितल्या, सगळ्या आहेत. काकांनी साहेबांना बोलावून आणलं आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तू होतीस म्हणून वाचलं." मी मान हलवली.

ताई, तुझी यादी बरोबर होती. चार महिन्यांपूर्वी मशीन बंद करून मी धूळ काढली, तेव्हा खण परत बसवताना तिसरी आणि चौथी डिस्क अदलाबदल झाली. लक्षात आलं होतं. पण डिस्कना जागेशी देणंघेणं नसतं, आपली ओळख त्या स्वतःजवळ ठेवतात. मशीन निमूट सुरू झालं, सहाच्या सहा यू आले, आणि यादी उद्या बदलू म्हणून मी घरी गेले. आज मी 'ताईची' म्हणाले त्यात खोटं अक्षर नव्हतं, आणि तरी मी तुझं नाव पुढे केलं. मापं गेली असती तर खरं सांगावंच लागलं असतं. ती वाचली, म्हणून गप्प राहणं सोपं झालंय. त्या यादीबद्दल विचारायला साहेब सोमवारी तुला फोन करणार आहेत. तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय, "माझ्याच हातून राहिलं असेल." लहानपणी मी फोडलेल्या खिडकीच्या काचेपासून तू हेच करत आलीस आणि मी करू देत आले. या वेळी तसं म्हणू नकोस. मी आत्ता साहेबांना सांगायला जातेय, पण त्यांच्या दारापाशी माझी जीभ कशी चिकटते ते मला ठाऊक आहे. म्हणून हे आधी फाटकापलीकडच्या टपालपेटीत टाकते. एकदा ते आत पडलं की मला माघारी फिरता येणार नाही.

तुझीच,
धाकटी