दादाचे डोळे आणि सहा मेंढ्या

४ फेब्रुवारी
ढवळी व्याली. कोकराचा एक पाय आत दुमडलेला. दादाची बोटं संधिवातानं आखडलेली, म्हणून मीच कोपरापर्यंत साबण लावून हात घातला. पाय सापडला, सरळ केला, आणि ते घसरून बाहेर आलं — ओलं, पिवळट, जिवंत! दादा म्हणाला, "शिंपिणीचा हात आहे." साठीला आल्यावर थोरल्या भावाकडून कौतुक. दोन घास जास्त गेले.

९ फेब्रुवारी
पडद्यांचं शिवणकाम संपत नाही. आई-वडिलांनी ठेवलेली दीड एकर जागा, सहा मेंढ्या आणि आम्ही दोघं — तो विधुर, मी बिनलग्नाची. गवत त्या सहा जणींना पुरतं, शांतता आम्हाला.

१३ फेब्रुवारी
काळीचं पिल्लू गेलं.
दुपारी चहा घेऊन शेडमध्ये गेले, तर दादा जमिनीवर बसलेला. काळीचं डोकं त्याच्या मांडीवर, शेजारी पोत्यावर कोकरू. याचाही पाय दुमडलेलाच. "मला बोलवायचं नाही का?"
"नीट दिसलं नाही मला. उशिरा कळलं."
एवढी मोठी मेंढी तळमळतेय आणि दिसलं नाही! चहा तिथंच गार झाला.

१४ फेब्रुवारी
काळी ते पोतं हुंगत राहते. दादा जेवला नाही. मला त्याचा राग येतो, लगेच कीवही येते. डोळे गेले तर मेंढ्या देऊन टाकाव्या लागतील. मग हा माणूस सकाळी उठेल कशासाठी?

१९ फेब्रुवारी
दादाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जाताना सगळ्या रस्त्यानं "मला काही झालेलं नाही" हेच पालुपद. बाईंनी तपासलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "मोतीबिंदू आहे, पण अगदी कोवळा. मेंढी दिसणार नाही, असं काही नाही."
घरी आलो. फाटकाशी विचारलं, "मग त्या दिवशी काय झालं?"
तो कडी धरून उभाच राहिला. मग माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत बोलला. हल्ली तो असाच बोलतो — मला वाटायचं, वयामुळे.
"दिसलं होतं. काळीला सोडून येता येईना. तुला हाका मारल्या. खूप मारल्या."
"मशीन चालू असेल माझं."
"बंद होतं. तू खिडकीत बसून टाके उसवत होतीस. तिथून दिसत होतीस मला."

२० फेब्रुवारी
सकाळी दादाला शेडमध्ये पाठवलं. तिथून हाक मार म्हटलं आणि पाठ करून अंगणात उभी राहिले. वारा नव्हता. बराच वेळ उभी होते. शेवटी खांद्यावर त्याचा हात पडला.
"चारदा मारली," तो म्हणाला.