चाचणीचा फोटो

सोमवार
नवं गाव, नवी नोकरी आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळचं टेबल! जुने कॅमेरे दुरुस्त करायचं हे दुकान एवढंसं आहे, एकाने खुर्ची मागे सरकवली की दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. मालक मोजकं बोलतात. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे दादा मात्र तोंडाला कुलूप नसलेले, मला पार हसवून सोडलं त्यांनी. शाळा सुटल्यावर लेकीला इथेच बसू दे, असं मालक आपणहून म्हणाले. माझी खारूताई! पुढचे दात मोठे, सदा काहीतरी कुरतडत असते. आल्या आल्या तिने मालकांचं चित्र काढून भिंतीवर चिकटवलं.

मंगळवार
आज गिऱ्हाइकाचा फ्लॉपीवाला कॅमेरा हाती आला. विटेसारखा जड, फोटो थेट आतल्या फ्लॉपीवर उतरतात. अडकलेली फ्लॉपी चिमट्याने काढली, फ्लॉपी वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, सैल पट्टा बदलला. घरघर करत चालू झाला तेव्हा मी टाळीच वाजवली. त्याच फ्लॉपीवर चाचणीसाठी आधी दादांचा फोटो काढला, मग खारूताईचा, जीभ बाहेर काढलेला. चाचणीचे फोटो पुसल्याशिवाय वस्तू परत द्यायची नाही, असा दुकानाचा नियम आहे. दादांचा पुसला. तिचा इतका गोड आलाय, म्हटलं राहू दे दोन दिवस.

बुधवार
दादा नाहीत. त्यांचं टेबलही नाही. तिथे धुळीने भरलेलं कपाट आहे. मालक म्हणाले, इथे घड्याळं कधीच दुरुस्त होत नव्हती. चेष्टा वाटली, हसले. मग समोरच्या चहावाल्याला विचारलं. मला वेड लागलंय अशा नजरेने तो बघत राहिला. घरी खारूताईला विचारलं. कोण दादा, म्हणाली. कालच तिने त्यांचा चष्मा लावून नक्कल केली होती.
मला भीती वाटते आहे.

गुरुवार
शंका आली म्हणून त्याच कॅमेऱ्याने कोपऱ्यातल्या स्टुलाचा फोटो काढला आणि पुसला. जेवून आले तर स्टूल नाही. मालक म्हणतात, स्टूल होतंच कुठे? ज्याने पुसलं त्यालाच आठवतं, बाकी कुणाला नाही.
आणि तिचा फोटो अजून आत आहे.
फ्लॉपीची खिट्टी सरकवली, म्हणजे त्यावरचं काही पुसता येणार नाही. घरी नेणार होते. मालक ओरडले, गिऱ्हाइकाची वस्तू दुकानाबाहेर जाणार नाही. खरं सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? उद्या डब्यात लपवून नेते.

शुक्रवार
तिला आणायला गेले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अशी मुलगी आमच्याकडे नाही —
धावत दुकानात. मालक पांढरेफटक. गिऱ्हाईक कॅमेरा न्यायला आलं होतं. मी पुसायला विसरले असं वाटलं त्यांना. त्यांनीच खिट्टी मागे घेतली, आणि — भिंतीवरचं चित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. रडताहेत. त्यांना सगळं आठवतंय. पुसलं त्यांनी.
मग मलाही तिचा विसर —

आठवतंय तोवर लिहिते. कानामागे तीळ. झोपताना माझं बोट घट्ट धरते. दात — दातांचं काहीतरी होतं. मला आई म्हणते.
कोण म्हणते?

मालक सारखं एकच नाव सांगताहेत. ऐकू येतं, लिहायला घेतलं की —
लाडाने मी तिला