अक्कानं टीव्हीची धार काढून बघितली

चि. पृथ्वीराज यास शुक्रवार पेठेतून (पुण्याच्या नव्हे, आपल्या जिल्ह्याच्या गावच्या) भीमामामाचे पोटभर आशीर्वाद. सौ. ऋतुजाची कंबर आता कशी आहे? तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांग. (डॉक्टरच्या गोळ्याही चालू ठेव, तेलाला त्याचा राग येत नाही.) आम्ही इकडे ठणठणीत. माझे गुडघे तेवढे जिना बघितला की कुरकुरतात, पण त्यांचंही वय माझ्याएवढंच. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू 'मामा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. पत्राला मीटिंग आडवी येत नाही.

तर तुझ्या आईच्या, म्हणजे माझ्या अक्काच्या टीव्हीची हकीकत. जुना डबा बावीस वर्षं राबून गेला तेव्हा तू तिला अट घातलीस की नवा टीव्ही तिचा तिनंच चालवायचा. महिन्याभरात 'बंद पडला' म्हणून एक जरी फोन आला, तर वस्तीवर एकटं राहणं बंद आणि गाडीत बसून थेट पुणे. तुझी काळजी मला कळते. पण बाबा, चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेल्या बाईला अट घालताना जरा विचार करायचा. ती माढ्याहून सकाळच्या एसटीनं माझ्याकडे आली, चहासुद्धा उभ्यानं प्याली आणि म्हणाली, "भीमा, पुण्याला जायाचं न्हाय मला. चल, टीव्ही बघू."

आधी गेलो काचेच्या मोठ्या दुकानात. आत इतकं गार की मी उपरणं कानाला गुंडाळलं. तिथल्या मॅनेजरनं आपण बोललं की ऐकणारा टीव्ही दाखवला. अक्कानं सांगितलं की बोलायला शेजारची शिवबाई आहे, ह्यो दावतो काय तेवढं सांगा. तो हौसेनं बटणं दाबू लागला तशी अक्कानं त्याला हात धरून चार पावलं मागं नेऊन उभं केलं. तू हॉस्टेलवर वाढलास, तुला कदाचित ठाऊक नसेल. म्हैस घेताना घेणारी बाई आधी स्वतः धार काढून बघते आणि मालकाला लांब उभा करते. मालकाच्या हाताला कुठलीही म्हैस दूध देते, लाथ बसते ती परक्याला. अक्कानं तोच न्याय लावला. पहिल्या टीव्हीनं तिच्याकडे वायफायचं नाव मागितलं. (वस्तीवर इंटरनेट नाही हे त्याला कोण सांगणार?) दुसऱ्यानं खातं उघडायला लावलं, बँकेतसुद्धा एवढं विचारत नाहीत. तिसऱ्यानं शंभर चित्रं एकदम मांडली, अन् बातम्या काही सापडेनात. मॅनेजर बिचारा राहवेना म्हणून पुढं सरकायचा, आणि अक्का मान न वळवता म्हणायची, "मालक, मागं."

मग तिनं जे केलं ते माझ्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. मॅनेजरला म्हणाली, आता लाईट घालवा. पिन काढून परत घालायला लावली. एक टीव्ही लाल ठिपका लावून रुसून बसला, दुसरा परत पहिल्यापासून नावगाव विचारू लागला. अक्का उठली. "आमच्यात दिसातनं धा येळा लाईट जाती. धा येळा ह्येला माझं नाव सांगत बसू व्हय?"

तिथून आलो आमच्या गल्लीमागच्या हारूनभाईकडे. एक खोली, तीत दुरुस्तीला आलेले टीव्ही, पंखे आणि मधोमध हारून. त्यानं फुकटच्या चॅनेलांचा डबा जोडलेला चोवीस इंची साधा टीव्ही पुढं ठेवला आणि न सांगता स्वतःच पायरीवर जाऊन बसला. (त्याच्या आईच्या शेळ्या होत्या, त्याला रीत ठाऊक.) अक्कानं पिन काढली, अकरा आकडे मोजले, परत घातली. टीव्ही लागला, डबा लागला, जाताना ज्या चॅनेलवर भजन चालू होतं तेच येताना हजर. रिमोटला कुणी हात लावला नव्हता. अक्का म्हणाली, दोन्ही वायरी एका बोर्डावर घ्या, एक बटण ठेवा. म्हणजे टीव्ही झाला बल्बासारखा. रिमोटचं काम उरलं आवाजाचं आणि चॅनेलचं, त्यासाठी तिनं त्याला जुन्या खणाची खोळ शिवली आणि लागतील तेवढ्याच बटणांना खिडक्या ठेवल्या. हारून म्हणाला, वीस वर्षं हा धंदा करतोय, लाईट घालवून बघणारं गिऱ्हाईक आजच भेटलं.

काल महिना पुरा झाला. आला का तुला फोन? नाही ना? आम्ही भावंडांनी शाळा अर्धी सोडली, पण तिची अर्धी माझ्या अर्धीपेक्षा मोठी, हे मला या वयात कळलं.

तुझा,
भीमामामा

ता. क. वर एक लिहायचं राहिलं. टीव्ही गुणाचा आहे, पण पत्र्यावर डिशची जी छत्री बसवली आहे, तिच्यावर रोज सकाळी मोर येऊन बसतो. छत्री वाकते आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. अक्का तुला फोन करत नाही. शिडी लावून पत्र्यावर चढते आणि खालून शिवबाई "आलं" म्हणेपर्यंत छत्री हलवते. वय अठ्ठ्याहत्तर. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे. सांगावं तर तू तिला उचलून नेशील, न सांगावं आणि पाय घसरला तर? म्हणून रविवारी काहीतरी निमित्त काढून ये आणि छत्री खाली, हाताशी येईल अशी बसवून दे. खरं म्हणजे एवढंच लिहायला बसलो होतो, बाकीचं वाटेत भेटलं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच अक्काचा फोन. छत्री म्हशीच्या दाव्यानं आवळून टाकली, आणि मोराला बसायला शेजारी वेगळी काठी बांधली, तो आता तिथं बसतो. मी विचारलं, बोलतेस कुठून? म्हणाली, "पत्र्यावरनं. हितं रेंज लई झाक येती की."

तेव्हा छत्रीचं राहू दे. रविवारी मात्र गाडी घेऊन नक्की ये. पुण्याला न्यायचंच असेल, तर आईला नको, शिडीला ने.