त्यामानाने पांढरं घर

२ नोव्हेंबर
होमस्टे चालत नाही, याला कारण एकच. शेजारचा पडका बंगला. काशीदला येणारा टुरिस्ट आधी तो बघतो, मग घाबरून पुढे जातो. मागची पार्टी तेवढी म्हणाली, त्यामानाने तुमचं घर छान पांढरं आहे. ‘त्यामानाने’ कशाला?

९ नोव्हेंबर
बंगला विकला गेला! नवा मालक साहिल, मुंबईचा. रंगारी मीच मिळवून दिला. केसरला म्हटलं, आता बघ बुकिंग. ती म्हणाली, नाताळात पण रूम भरली न्हाय तर मी साहिलकडं स्वयंपाकाला राहीन. बायकोने नवऱ्यावर थोडा विश्वास ठेवावा.

८ डिसेंबर
बंगला तयार. पांढराशुभ्र, गच्चीपर्यंत दिवेच दिवे. आपलं घर एकदम पिवळं. भिंतीवर शेवाळ कधी आलं? केसर म्हणते, पयल्यापासून हाय. अशक्य.

१६ डिसेंबर, सकाळी
काल संध्याकाळी साहिलच्या अंगणात चहा घेऊन परतलो. आपल्या पडवीत काही दिसेना. कोपऱ्यात कोणीतरी उभं. बल्ब लावला. माझा रेनकोट. घाबरलो नाही. उकडत होतं म्हणून बाहेर ओट्यावर झोपलो. थंडी वाजली.

२१ डिसेंबर
माडीवर पावलं. उंदीर असणार. केसरला म्हटलं, बघून ये. म्हणाली, मालक तुमी हाव ना? घर रंगवायचं पक्कं. नव्या वर्षात. आत्ता गिऱ्हाइकांना वास नको.

२५ डिसेंबर
अखेर बुकिंग! पुण्याचं कुटुंब. रिक्षा फाटकाशी आली आणि रिक्षावाल्या विनेशने त्यांना सांगितलं, भुताटकीचा बंगला तो हाच, तुमचा पुढला. मी ओरडत धावलो. अंगात बनियन, पांढरं. पोरं किंचाळली, विनेशने रिक्षा पिटाळली. विनेश मला लहानपणापासून ओळखतो.

२६ डिसेंबर
केसर साहिलकडे गेली. खोलीसकट नोकरी. फोनवर म्हणाली, हिकडून बघितलं तर आपल्या घरात कोणी ऱ्हातं असं वाटतच न्हाय. राग आहे, उतरेल. रात्री तिच्या खिडकीला हात केला. तिने पडदा ओढला.

३० डिसेंबर, अमावस्या, पहाट
घरातले सगळे दिवे लावून जागा राहिलो. तरी साहिलकडच्यापुढे अंधारच. फाटक उघडलं, तर पायरीवर उतारा. केळीच्या पानावर भात, लिंबू, उकडलेलं अंडं, गुलाल, शेजारी दह्याची वाटी. म्हणजे गावाने मलाच भूत ठरवलं! तक्रार करायचीच. पुरावा म्हणून वाटी उचलली. स्टीलची, आमच्या लग्नातली. कडेला ‘सौ. केसर’ कोरलेलं.

अंडं अजून कोमट होतं. फाटकापर्यंत आली होती, हाक न मारता गेली.